सूक्ष्मनलिकांची सोबती प्रथिने: शोधाची पार्श्वभूमी

सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीच्या आतला सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनांच्या बारीक नळ्या, थंडीत विरघळतात. एवढे ध्यानात ठेवले तर त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांचा निम्मा इतिहास उलगडतो. 1963 पर्यंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशींची रचना पक्की करायला त्या बहुधा थंडगार ऑस्मियमच्या द्रावणात बुडवत, आणि छायाचित्र काढण्याआधीच बहुतेक नलिका मोडून जात. त्या वर्षी त्याच कामासाठी ग्लुटराल्डिहाइड हे रसायन वापरात आले आणि लेडबेटर व पोर्टर यांना वनस्पतींच्या पेशींत सुमारे 25 नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या स्पष्ट दिसल्या. त्या कशाच्या बनल्या आहेत, हे कोल्चिसिनमुळे कळले. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही हेच विष असते. बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन पेशींच्या अर्कात घातले आणि ते कोणत्या प्रथिनाला चिकटते याचा माग काढला. त्या प्रथिनाला 1968 मध्ये मोहरी यांनी ट्युब्युलिन हे नाव दिले.

खरी कलाटणी 1972 मधली. रिचर्ड वाइझेनबर्ग यांनी मेंदूच्या अर्कातले कॅल्शियम ईजीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाने बांधून टाकले, जीटीपी (ट्युब्युलिनला जोडणीसाठी लागणारा ऊर्जेचा रेणू) घातले, अर्क कोमट केला आणि नळ्या परीक्षानळीत आपोआप तयार झाल्या. कॅल्शियम मोकळे राहिले की त्या बनत नाहीत. आधीचे प्रयत्न नेमके तिथेच फसत होते. पुढच्याच वर्षी शेलान्स्की, गॅस्किन आणि कँटर यांनी यावरून शुद्धीकरणाची रीत बसवली. ती आजही जवळजवळ तशीच चालते. डुकराचा किंवा गाईचा ताजा मेंदू बर्फावर ठेवून थंड बफरमध्ये वाटायचा (उशीर झाला की ट्युब्युलिन निकामी होत जाते) आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चोथा टाकून द्यायचा. वरचे पाणी जीटीपी घालून 37 अंशांवर अर्धा तास ठेवायचे आणि गरम असतानाच पुन्हा फिरवायचे. नळ्या तळाशी बसतात. तो गाळ 4 अंशांवर विरघळवायचा, थंड फिरवून न विरघळलेले काढायचे आणि सगळे परत एकदा करायचे.

दोन फेऱ्यांनंतरही गाळात निव्वळ ट्युब्युलिन नसे. साधारण पाचवा हिस्सा इतर प्रथिनांचा असे आणि तो प्रत्येक फेरीत ट्युब्युलिनबरोबर पुन्हा येई. ही भेसळ की सोबत? उत्तर 1975 मध्ये प्रिन्स्टनमध्ये मिळाले. मार्क कर्शनर यांच्या गटातील वाइनगार्टन आणि सहकाऱ्यांनी हे मिश्रण फॉस्फोसेल्युलोजच्या स्तंभातून सोडले. त्या पदार्थावर ऋण भार असतो. ट्युब्युलिनही ऋणभारित, म्हणून ते न अडकता खाली उतरते. धनभारित सोबती अडकतात आणि जास्त मिठाच्या द्रावणानेच सुटतात. खाली उतरलेल्या शुद्ध ट्युब्युलिनपासून त्याच संहतीला नळ्या बनेनात. अडकलेला भाग परत मिसळला की बनू लागल्या. त्या घटकाला त्यांनी टाऊ म्हटले. टाऊ उकळले तरी बिघडत नाही, कारण त्याला मोडण्यासारखी पक्की घडीच नसते. शुद्धीकरणात याचा फार उपयोग होतो.

मात्र या रीतीने डोळ्यांवर झापडही बांधली, असे आमचे मत आहे. जे प्रथिन नळीच्या अख्ख्या लांबीवर घट्ट बसते तेच गाळात येते. नळीवरून माल वाहणारे मोटर-प्रथिन काइनेसिन एटीपी (पेशीचे ऊर्जेचे इंधन) असताना सारखे सुटत राहते, म्हणून ते हाती लागेना. 1985 मध्ये लासेक आणि ब्रेडी यांना स्क्विडच्या अक्षतंतूत (चेतापेशीच्या लांब तंतूत) दिसले की एटीपीचे एएमपी-पीएनपी हे न तुटणारे रूप दिले की पुटिका (माल भरलेल्या बारीक पिशव्या) नळीलाच अडकून राहतात; त्याच युक्तीने वेल, रीस आणि शीट्झ यांनी काइनेसिन वेगळे केले. डायनिन तर मेंदूच्या सोबती प्रथिनांच्या यादीतच एमएपी-1सी या नावाने होते (एमएपी म्हणजे सूक्ष्मनलिकांचे सोबती प्रथिन); ते मोटर आहे हे व्हॅली यांच्या गटाने 1987 मध्ये दाखवले. नळ्या कापणारे कॅटानिन 1993 मध्ये सापडले. टोकावर बसणारी प्रथिने तर गाळात दिसणे अवघडच, कारण नळीच्या वस्तुमानात टोकाचा वाटा नगण्य. त्यांपैकी सीएलआयपी-170 वाढत्या टोकामागून धूमकेतूसारखे सरकताना 1999 मध्ये दिसले, तेही चमकणारे प्रथिन जोडून जिवंत पेशी पाहिल्यावर.

दरम्यान प्रश्नच बदलला होता. 1984 मध्ये मिचिसन आणि कर्शनर यांनी दाखवले की शेजारशेजारच्या नळ्यांपैकी एक वाढत असते, तर दुसरी एकाएकी कोसळते. टोकाला जीटीपीधारक ट्युब्युलिन असेपर्यंत वाढ. ते संपले की घसरण. मग टाऊचे काम नळी ‘बनवणे’ एवढेच उरत नाही. पुढे आयआयटी मुंबईत आलेले दुलाल पांडा, लेस्ली विल्सन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मोजून दाखवले की तयार नळ्यांचे आखडणे टाऊमुळे मंदावते. अंतर राखणे हे दुसरे काम: 1992 मध्ये हिरोकावा यांच्या गटाने कीटकांच्या पेशींत टाऊ बनवले तेव्हा नळ्या एकमेकींच्या जवळ राहिल्या, एमएपी-2 बनवले तेव्हा बऱ्याच दूर, जशा त्या अनुक्रमे अक्षतंतूत आणि शाखातंतूंत (चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांद्यांत) असतात. तरीही 1994 मध्ये टाऊ काढून टाकलेले उंदीर जगले. फक्त बारीक अक्षतंतूंतल्या नळ्यांची मांडणी बदलली आणि एमएपी-1ए वाढलेले आढळले. एकाची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून एकच प्रथिन काढून त्याचे काम ओळखणे इथे धोक्याचे आहे.

आजाराचा धागाही याच काळातला. 1980 च्या दशकाच्या मध्यावर अल्झायमरच्या मेंदूतल्या गाठींत टाऊ सापडले, भरमसाट फॉस्फेट लागलेले. ते नळीवरून सुटते आणि आपसांत चिकटते. 1998 मध्ये टाऊच्या जनुकातील बदलांमुळेच आनुवंशिक स्मृतिभ्रंश होतो हे सिद्ध झाले. प्रौढ मानवी मेंदूत टाऊची सहा रूपे असतात. तीन रूपांत नळीला धरणारे तीन पट्टे, उरलेल्या तिनांत चार, आणि दोन्ही गटांचे प्रमाण जवळपास सारखे. चार पट्टेवाले टाऊ नळी जास्त घट्ट धरते. सापडलेल्या बदलांपैकी काहींत प्रथिनातले एकही अमिनो आम्ल बदलत नाही, फक्त चार पट्टेवाल्या टाऊचा वाटा वाढतो, आणि तेवढ्यानेही मेंदू झिजतो.