धुतल्या जाणाऱ्या कारखान्यांतील उचलयंत्रे

दुग्धशाळा, मासळी प्रक्रिया केंद्रे, मांस आणि फळांच्या गराचे कारखाने, औषधनिर्मितीचे काही विभाग अशा ठिकाणी पाळी संपली की यंत्रांसकट सगळी जागा पाण्याने आणि जंतुनाशक रसायनांनी धुतली जाते. तिथल्या चेन पुली ब्लॉक (हाताने ओढायची साखळी-कप्पी), होइस्ट (मोटरवर चालणारे साखळीचे उचलयंत्र), स्टॅकर (माल उचलून रचणारी गाडी), ड्रम लिफ्टर (पिंप उचलणारे साधन), हँड पॅलेट ट्रक (मालाच्या फळ्या हलवणारी हातगाडी) यांची निवड वेगळ्या कसोटीवर करावी लागते. एरवी पहिला प्रश्न असतो, वजन किती? इथे पहिला प्रश्न, हे यंत्र कशाने आणि कितीदा धुणार? वजन दिवसातून काही वेळाच उचलायचे असते. ओल मात्र यंत्राला चोवीस तास चिकटलेली असते.

रंगवलेले साधे पोलाद इथे टिकत नाही, आणि रंगाचे पोपडे निघाले की थेट मालात पडतात. जस्ताचा मुलामा आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही; ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो. उरते स्टेनलेस स्टील. पण खरेदीच्या कागदावर नुसते ‘एसएस’ लिहून भागत नाही. ३०४ या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. दुधाच्या कारखान्यात तो बहुधा पुरतो. खारे पाणी, मिठवणी आणि हायपोक्लोराइट हे जंतुनाशक यांतील क्लोराइड मात्र त्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पाडते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने तो जास्त तग धरतो. कोकण किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या कारखान्यात ३०४ घेऊन वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात.

साखळीचा हिशेब वेगळा. नेहमीच्या होइस्टची साखळी उच्च बळाच्या मिश्रपोलादाची असते, आणि आम्लाच्या संपर्कात त्यात हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होऊ शकते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो सर्वांत घातक. स्टेनलेस साखळीला ही भीती कमी, पण तिचे बळही कमी. तेवढ्याच जाडीची स्टेनलेस साखळी बसवली तर होइस्टची क्षमता घटते. नवी क्षमता उत्पादकाकडूनच लिहून घ्यावी. कारखान्याच्या फिटरने परस्पर साखळी बदलू नये.

मोटर आणि पेंडंट (होइस्टला लोंबणारी बटणांची पेटी) यांच्या बाबतीत ‘आयपी’ अंकांवरून, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जावरून, फार गैरसमज होतात. दुसरा अंक पाण्याचा. ६६ म्हणजे जोरदार फवारा, ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवणे, ६९ म्हणजे जवळून मारलेला ८० अंश सेल्सिअसचा उच्च दाबाचा फवारा. ६७ हा ६६ पेक्षा मोठा, म्हणून फवाराही सोसेल असे नाही. त्या दोन निरनिराळ्या चाचण्या आहेत. शिवाय चाचणी साध्या पाण्याची असते, त्यात कॉस्टिक नसतो. गरम धुलाईनंतर मोटर थंड होताना आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेची ओल आत ओढली जाते. त्यामुळे बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या पेटीतही पाणी साचते.

यंत्राची घडणही पाहावी. पोकळ चौकोनी नळ्यांची चौकट बोल्टसाठी भोक पाडले की आतून कायमची ओली राहते. धुलाईनंतर पॅलेट ट्रक कलता केला की काही वेळा मळकट पाणी ठिबकते. लिस्टेरिया हा रोगकारक जीवाणू शीतगृहाच्या तापमानातही वाढतो, त्यामुळे हे पाणी मामुली नाही. भरीव किंवा पूर्ण सांधलेली चौकट, घासून गुळगुळीत केलेले वेल्ड आणि पाणी निथळेल असे उतार हवेत.

उघड्या टाकीवर होइस्ट असेल तर खाली ठिबकणारे वंगण झेलणारे ताट लावावे आणि वंगण एच१ वर्गाचे घ्यावे. या वर्गाचे वंगण अन्नाला चुकून लागले तर चालते; ते अन्नात मिसळायला परवानगी नाही. धुलाईत ग्रीस वाहून जाते, म्हणून बेअरिंगला ते अधिक वेळा भरावे लागते.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचलयंत्रे आणि साखळ्यांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा सखोल तपासणी ठरवून दिली. ओल्या जागेत एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. तपासताना साखळीची पिशवी (होइस्टची सैल साखळी जिच्यात साठते ती) पूर्ण रिकामी करावी: तळाशी पडून राहणाऱ्या, क्वचितच वर येणाऱ्या कड्या साचलेल्या पाण्यात असतात आणि गंज तिथूनच धरतो.