पाचर शैली (मोटारगाडी)

पाचर शैली : मोटारगाडीच्या बॉडीची एक घडण. नाक जमिनीलगत, तिथून बॉनेट व समोरची काच जवळजवळ एकाच चढत्या रेषेत, मागची बाजू उंच आणि एकदम छाटलेली. बाजूने पाहिले की लाकूड फोडायची पाचर आडवी ठेवल्यासारखी दिसते. इटलीत तूरिन व आसपासच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांनी ती १९६८ ते १९७२ च्या सुमारास प्रदर्शनासाठी घडवलेल्या एकेकट्या नमुना-गाड्यांतून रूढ केली.

उगमाविषयी मतभेद आहेत. बेर्तोने कारखान्याची ‘अल्फा रोमिओ काराबो’ १९६८ च्या पॅरिस प्रदर्शनात आली. ‘इतालदिझाइन’ या दुसऱ्या अभिकल्प संस्थेची ‘बिझ्झारिनी मांता’ त्यानंतर काही आठवड्यांनी तूरिनच्या प्रदर्शनात. काराबोचा अभिकल्पक मार्चेल्लो गांदिनी, मांताचा जॉर्जेत्तो जुजारो. दोघांचा जन्म १९३८ चा, दोघेही प्येमोन्त प्रांतातले. जुजारोने बेर्तोने सोडल्यावर १९६५ मध्ये त्याच जागी गांदिनी आला. त्यामुळे एकाने दुसऱ्याचे उचलले, असे म्हणण्यापेक्षा दोघे एकाच वळणावर पोचले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काही लेखक मूळ आणखी मागे, त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसला धावलेल्या ‘लोटस ५६’ या टर्बाइन-गाडीकडे नेतात. आकाराचे साम्य खरे आहे. पण ती शर्यतीची, उघड्या चाकांची गाडी, तिच्यापुढे दारे-काचा-आसने बसवण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावरच्या बंदिस्त गाडीपुरते पाहता अग्रमान काराबोला देणे योग्य ठरते. वेगात लॅम्बोर्गिनीच्या ‘मिउरा’ या गाडीचे नाक उचलले जाई, त्यावर उपाय म्हणून गांदिनीने हा आकार योजला, असे सांगतात. काराबोची उंची सुमारे ९९ सेंमी.; दारे वर आणि पुढे उघडणारी.

शैलीचे टोक म्हणजे ‘लॅन्सिया स्ट्रॅटोस झीरो’ (तूरिन, १९७०). उंची अवघी ८४ सेंमी., म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेपर्यंतही जेमतेम. हिला बाजूला दारे नाहीत. समोरची काचच झाकणासारखी वर उचलायची, सुकाणूचा दांडा पुढे ढकलायचा, नाकावर पाय ठेवून आत उतरायचे आणि जवळजवळ आडवे होऊन बसायचे. १.६ लिटरचे व्ही-४ (चार सिलिंडर व्ही आकारात मांडलेले) इंजिन लॅन्सियाच्याच ‘फुल्व्हिया’ गाडीतले, मात्र आसनांच्या मागे बसवलेले. बेर्तोने कारखान्याचे प्रमुख नुच्चो बेर्तोने स्वतः ही गाडी चालवत लॅन्सियाच्या कचेरीत गेले आणि फाटकाच्या आडव्या दांड्याखालून, तो न उचलता, आत शिरले, अशी आख्यायिका आहे; वर दिलेली उंची पाहता ती अशक्य नाही. पुढे १९७४, १९७५ व १९७६ ची जागतिक रॅली अजिंक्यपदे मिळवणारी लॅन्सियाची स्ट्रॅटोस बेर्तोने व लॅन्सिया यांच्या याच ओळखीतून जन्मली, पण तिची घडण वेगळी आहे.

पिनिनफारिना या दुसऱ्या बॉडी कारखान्याच्या ‘मोदुलो’ची (जिनीव्हा, १९७०) गणना पुष्कळदा याच शैलीत करतात. पावलो मार्तीनची ही गाडी मुळात दोन शिंपले एकमेकांवर ठेवल्यासारखी, पुढे-मागे सारखी उतरती आहे. तिला पाचर म्हणणे सैलपणाचे होईल. जुजारोची ‘मासेराती बूमरँग’ मात्र निःसंशय पाचर. १९७१ मध्ये ती न चालणारा नमुना होती, १९७२ मध्ये धावू लागली. तिच्या सुकाणूची कडा फिरते, पण तिच्या आत बसवलेली मापकयंत्रे जागची हलत नाहीत.

सपाट पत्र्याचे हे काम दिसते तितके सोपे नव्हे. मोठा सपाट तुकडा दाबला की ‘डबडब’ करतो, उन्हात त्यावर लाटा उमटतात. म्हणून कारागीर पत्र्याला डोळ्यांना न जाणवणारी फुगवट देतात आणि कडक घड्या पाडून ताठपणा आणतात. या गाड्यांवरच्या तीक्ष्ण रेषा निव्वळ शोभेच्या नाहीत, हे नीट ध्यानात घ्यायला हवे.

१९७३ चे तेलसंकट आणि अमेरिकेचे बंपरविषयक नियम यांमुळे टोकाचे नमुने कमी झाले. उत्पादनात ही शैली ‘लोटस एस्प्री’ व ‘ट्रायम्फ टीआर ७’ यांत उतरली. ‘लॅम्बोर्गिनी काउंटाश’ १९७४ पासून विक्रीस आली. काउंटाशचा १९७१ चा पिवळा मूळ नमुना उरलेला नाही. तो टक्कर-चाचणीत वापरला गेला.