ट्रॉम्बेमागचा सूर्यास्त आणि ‘फ्लिकर’ या शब्दाचा घोळ

ट्रॉम्बेच्या कारखान्यांच्या चिमण्यांमागे बुडणारा सूर्य टाइमलॅप्समध्ये (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या व्हिडिओत) हवा असेल तर ट्रायपॉड खाडीपलीकडे, नवी मुंबईच्या किनाऱ्यावर लावावा लागतो. तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र १९५०च्या दशकातले. समोरचं शहर १९७० नंतरचं. नेरूळहून सूर्य चिमण्यांच्या रेषेत येतो तो हिवाळ्यातच, उन्हाळ्यात तो बराच उत्तरेला मावळतो.

फिल्मच्या काळात हौशी माणसाच्या हाती काही नव्हतं. सेकंदाला २४ फोटो धरले तर ३६ फोटोंच्या रोलमधून जेमतेम दीड सेकंदाचा व्हिडिओ निघतो. खरी गर्दी झाली ती डिजिटल एसएलआर स्वस्त झाल्यावर, साधारण २००८ नंतर. उजेडापासून अंधारापर्यंत सलग टिपायचं तर शटर १/२५० पासून ८ सेकंदांपर्यंत आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० पासून १६०० पर्यंत न्यावा लागतो, म्हणजे १५ स्टॉप; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश लवकर संपतो. युरोपातल्या लांबट संध्याकाळींसाठी लिहिलेली वेळापत्रकं इथे उपयोगी पडत नाहीत.

एक्सपोजर, म्हणजे फोटोला किती प्रकाश द्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोडावं की हाताने टप्प्याटप्प्याने बदलावं, यावर तेव्हा खूप वाद झाले. वादाचं कारण फ्लिकर, म्हणजे व्हिडिओत उजेड फ्रेमागणिक लुकलुकणं. मुळात ‘फ्लिकर’ या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या होत्या. पहिली, लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) दर फोटोला किंचित कमीजास्त मिटतं ती. यावर लोक लेन्स थोडी फिरवून तिचा विद्युतसंपर्क तोडायचे. दुसरी, ऑटोवर ठेवलेला कॅमेरा दर फोटोला आपला अंदाज बदलतो ती. आणि तिसरी, रिफायनरीची फ्लेअर. चिमणीच्या टोकावरची ती ज्वाला खरोखरच कमीजास्त होते. कॅमेरा ऑटोवर असेल तर ज्वाला भडकली की तो फसतो आणि सगळं आकाश काळवंडतं. पुढे फ्लिकर काढणारी सॉफ्टवेअर आली, तीही पूर्ण फ्रेमची सरासरी धरली की हीच चूक करू लागली.

पहिल्या दोन गोष्टी दोष आहेत, त्या काढल्याच पाहिजेत. तिसरी ही त्या जागेची वस्तुस्थिती आहे. ती पुसून मखमली संध्याकाळ दाखवणं मला मान्य नाही. चेंबूर-माहुलचे लोक त्या ज्वालेच्या उजेडात राहतात. सॉफ्टवेअर ज्या भागावरून उजेड मोजतं तो चौकोन आकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, ज्वालेपासून दूर ठेवला की आकाश स्थिर राहतं आणि ज्वाला हवी तशी भडकते. हाताने बदललेलं एक्सपोजरही ज्वालेला फसत नाही; मॅन्युअलवाल्यांची बाजू मला पहिल्यापासून पटली ती याचसाठी.

धुराचा प्रश्न त्यामानाने सोपा. दोन फोटोंमधलं पाच सेकंदांचं अंतर ढगांना चालतं, धुराला ते जास्त होतं, तो उड्या मारतो. एक-दोन सेकंदच हवेत.

२०१४ पासून मोबाइलमध्ये टाइमलॅप्स आला आणि एक्सपोजर पुन्हा यंत्राकडे गेलं. रेकॉर्डिंग लांबलं की फोटोंमधलं अंतर काही फोन आपणहून वाढवतात. अशा वेळी छोट्या रेकॉर्डिंगमध्ये सलग वाहणारा धूर लांब रेकॉर्डिंगमध्ये तुटक होतो.