एचसीजी चाचणीत टेस्टोस्टेरॉन वाढले नाही, म्हणजे वृषणे नाहीतच?

नाही, हा निष्कर्ष घाईचा आहे. अंडकोशात वृषणे हाताला न लागलेल्या मुलात ही चाचणी करतात: एचसीजी हे संप्रेरक (हार्मोन) टोचून वृषणे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवतात का, ते पाहतात. बाळ साधारण ६ महिन्यांचे झाल्यावर वयात येईपर्यंत लायडिग पेशी (वृषणातील टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी) सुप्त असतात. सलग ३ दिवस एचसीजीची इंजेक्शने देऊन शेवटच्या इंजेक्शननंतर २४ तासांनी रक्त घेतात; पण पोटात अडकलेली किंवा एलएच (या पेशींना चालना देणारे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक) न मिळालेली वृषणे तेवढ्यात जागी होतीलच असे नाही. अशा वेळी आठवड्याला दोन इंजेक्शने देत चाचणी ३ आठवड्यांपर्यंत लांबवतात.

सोबत रक्तातील एएमएच हे संप्रेरक मोजाच. ते वृषणातील सर्टोली पेशींतून येते, त्याला इंजेक्शन लागत नाही. एक्सवाय गुणसूत्रांच्या मुलात ते सापडले, तर वृषणाच्या पेशी आहेत. एएमएच नगण्य आणि एफएसएच (वृषणांना चालना देणारे पिट्युटरीचे दुसरे संप्रेरक) चढलेले असेल, तेव्हाच वृषणे नसल्याची शंका बळावते.