अभिवादन (मराठवाडा)

दोन माणसे भेटल्यावर बोलण्यास तोंड फोडणारे शब्द आणि त्यांना द्यावयाची रूढ उत्तरे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत 'रामराम' सर्वाधिक चालतो. वारकऱ्यांत 'रामकृष्ण हरी', महानुभावांत 'दंडवत प्रणाम', लिंगायतांत 'शरणु शरणार्थी', मुसलमानांत 'अस्सलामु अलैकुम', बौद्धांत 'जयभीम', तर बंजारा तांड्यांवर 'जय सेवालाल' ऐकू येतो.

'रामराम'ची प्रथा समर्थ रामदासांनी (1608–82) पाडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. समर्थांचे जन्मगाव जांब (जि. जालना) याच प्रदेशातील असल्याने येथे या मताला विशेष जिव्हाळा आहे. परंतु समर्थ संप्रदायाशी संबंध नसलेल्या उत्तर भारतातील खेड्यांतही हेच अभिवादन रूढ असल्यामुळे ते मत स्वीकारणे कठीण जाते. र, आ, म या वर्णांच्या क्रमांकांची बेरीज 54, म्हणून दोनदा उच्चारल्यास 108, ही उपपत्ती मागाहून जुळवलेली दिसते.

अधिक वाद 'जोहार' या येथे आता लोपलेल्या अभिवादनाविषयी आहे. महार समाजाने गावकऱ्यांस 'जोहार मायबाप' म्हणावे, अशी रीत होती. चोखामेळा यांच्या नावावरील अभंगांत हा शब्द येतो, आणि पैठणच्या एकनाथांनी (मृ. 1599) महाराच्या तोंडी 'जोहार' घालून भारुडांचा एक प्रकारच रचला. 'योद्धा' शब्दाशी संबंध जोडून हे मूळचे लढवय्यांचे अभिवादन मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष संस्कृत 'जयकार', प्राकृत 'जोक्कार' अशी परंपरा लावतो. राजस्थान-गुजरातेतील 'जुहार' आणि झारखंडच्या आदिवासींतील 'जोहार' पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तसे असेल, तर हा शब्द मुळात एका जातीचा नव्हता. तो एका जातीपुरता उरला, एवढेच म्हणता येते.

अभिवादनावर जातीचा पहारा असल्याचा ठळक पुरावा मराठवाड्याबाहेरचा आहे: सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये, अशी बंदी पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईत कंपनी सरकारने 1779 मध्ये घातली. या पार्श्वभूमीवर उत्तराचे मोल कळते. रामरामास रामराम हेच उत्तर असते. 'जोहार' म्हणणाऱ्यास उलट 'जोहार' मिळत नसे. 'जयभीम'चे श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास (1904–39) यांना दिले जाते. 1956 च्या धर्मांतरानंतर तो घरोघर रुजला. त्याला 'जयभीम' असेच उत्तर येते, हा बदल शब्दबदलाहून मोठा आहे.

मिळाले त्याहून अधिक परत करावे, हा विचारही येथील परंपरांत आहे. बाराव्या शतकातील कल्याण (आजचे बसवकल्याण, मराठवाड्याला लागून) येथील कथेनुसार चर्मकार हरळय्याने 'शरणु' म्हटले, तेव्हा बसवण्णांनी 'शरणु शरणार्थी' असे दुहेरी उत्तर दिले. कथेची ऐतिहासिकता काहीही असो, लिंगायतांचे अभिवादन तिच्याशीच जोडले जाते. सलामास तितक्याच किंवा अधिक चांगल्या शब्दांत उत्तर द्यावे, असे कुराणातही (4:86) सांगितले आहे. निजामी राजवटीत उर्दू कारभाराची भाषा असल्याने जुन्या शहरी घरांत 'आदाब'ही चाले. गावोगाव आजही एकच माणूस समोरच्यास ओळखून रामराम, सलाम किंवा जयभीम घालतो. समोरच्याचा शब्द आपण उचलणे ही येथील बोलण्याची मोठी शालीनता होय.

शब्दामागून 'बरं हाय का?', पाऊसपाणी, जनावरे हे येतेच. कामाची गोष्ट त्यानंतर. उंबऱ्याशी आलेल्यास आधी पाण्याचा तांब्या देतात. स्त्रियांमध्ये 'रामराम' कमी. 'झाला का सैपाक?' असा थेट प्रश्न असतो. माहेरी आलेल्या लेकीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून म्हातारी आपल्या कानशिलांवर बोटे मोडते. याला अलाबला घेणे म्हणतात. लेक त्यावर काही बोलत नाही, वाकून पाया पडते.