डास नियंत्रण जिल्हा : शासक मंडळाची नियुक्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डासांचा उपद्रव आणि डासांमार्फत पसरणारे रोग यांना आळा घालण्यासाठी राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या, ठरावीक भूप्रदेशापुरत्या मर्यादित व बहुधा स्वतंत्र करमहसूल असलेल्या स्थानिक संस्थांना डास नियंत्रण किंवा डास निर्मूलन जिल्हे म्हणतात. महसुली जिल्ह्याशी त्यांचा संबंध नाही. अग्निशमन, जलनिःसारण, दफनभूमी, ग्रंथालय अशा एकेका कामासाठी निर्माण झालेल्या ‘विशेष जिल्ह्यां’च्या मोठ्या वर्गात त्यांची गणना होते. जिल्ह्याचा कारभार विश्वस्त मंडळ किंवा आयुक्त मंडळ पाहते. फवारणी, अळीनाशन, गप्पी माशांच्या जातीचे मासे सोडणे, दलदलीत चर खणणे ही प्रत्यक्ष कामे व्यवस्थापक व कीटकशास्त्रज्ञ करतात, तर अंदाजपत्रक, करआकारणी, व्यवस्थापकाची नेमणूक आणि धोरण हे विषय मंडळाकडे असतात. या मंडळावरील माणसे कोणी नेमावीत, याबाबत देशात एकच एक नियम नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असून, एकाच राज्यात दोन पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

उगम : या संस्थेचा आरंभ न्यू जर्सीत झाला की कॅलिफोर्नियात, याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. न्यू जर्सीचे राज्य कीटकशास्त्रज्ञ जॉन बी. स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे दाखवून दिले, की किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीत निपजणारे डास तेथेच न राहता कित्येक मैल आत, दलदलीचा मागमूस नसलेल्या गावांपर्यंत उडत जातात. या निष्कर्षाचा प्रशासकीय अर्थ मोठा होता. डासांचा त्रास ज्या गावाला, त्या गावाच्या हद्दीत त्यांची पैदास नसेल, तर त्या गावच्या आरोग्य मंडळाने कितीही दंड आकारले तरी उपयोग नव्हता. पैदास जेथे, तेथील लोकांना खर्च करण्याचे कारण नव्हते. साहजिकच गावापेक्षा मोठ्या आणि गावांच्या आपसांतील वादांपासून अलिप्त अशा यंत्रणेची गरज पुढे आली. १९०६ मध्ये खाऱ्या दलदलींच्या निचऱ्याचे काम राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राकडे सोपविण्यात आले आणि १९१२ च्या कायद्याने काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्याचा, आपल्याकडील महसुली जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) ‘डास निर्मूलन आयोग’ अस्तित्वात आले. स्मिथ यांचा मृत्यू त्याच वर्षी झाला.

या आयोगांच्या नियुक्तीची मूळ तरतूद आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. काउंटीतील न्यायालयांवर देखरेख करणाऱ्या, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींनी सहा सदस्य नेमावेत, अशी ती होती. न्यायाधीशाने डासांच्या आयोगावर माणसे का नेमावीत, याचे उत्तर डासांत शोधून सापडत नाही. ते न्यू जर्सीच्या उद्यान आयोगांत सापडण्याचा संभव अधिक आहे. एसेक्स काउंटीच्या उद्यान आयोगाचे सदस्य नेमण्याचा अधिकार १८९५ च्या कायद्याने अशाच न्यायमूर्तींना दिला होता, आणि पक्षीय राजकारणापासून दूर ठेवावयाच्या संस्थेसाठी हा साचा त्या राज्यात रुळलेला होता. तोच साचा १९१२ मध्ये उचलला गेला असे मानण्यास जागा आहे. नियुक्त सदस्यांपैकी निम्मे तरी आरोग्य मंडळाचे आजी किंवा माजी सदस्य असावेत, अशी अट होती. शिवाय कृषी प्रयोग केंद्राचा संचालक पदसिद्ध सदस्य असे, आणि आयोगाची योजना व खर्चाचा अंदाज त्याच्या मान्यतेसाठी जात असे. पुढे नियुक्तीचा अधिकार न्यायमूर्तींकडून काउंटीच्या निर्वाचित मंडळाकडे गेला. ‘फ्रीहोल्डर’ या वसाहतकालीन नावाने ओळखले जाणारे हे मंडळ २०२१ च्या आरंभापासून काउंटी आयुक्त मंडळ म्हणून ओळखले जाते.

कॅलिफोर्नियातील परंपरा सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी सुरू होते. सॅन राफाएल आणि बर्लिंगेम येथे साधारणतः १९०४-०५ च्या सुमारास दलदलीतील डासांविरुद्ध मोहिमा झाल्या, त्या बव्हंशी स्थानिक वर्गणीतून. विल्यम बी. हर्म्स या बर्कलीच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये पेनरिन येथे हिवतापाविरुद्ध मोहीम आखली. वर्गणीवर चालणारे काम उत्साह ओसरला की थांबते, हा या सर्वांचा अनुभव होता. १९१५ च्या डास निर्मूलन कायद्याने जिल्ह्याला कर बसविण्याचा अधिकार दिला. त्याखालील पहिला जिल्हा कोणता, हाही एक वाद आहे. मारिन काउंटीतील जिल्हा १९१५ च्या नोव्हेंबरात स्थापन झाला आणि तोच पहिला, असे बहुधा सांगितले जाते. सॅन मटेओ, बर्लिंगेम व हिल्सबरो या तीन शहरांचा जिल्हा जवळजवळ त्याच वेळचा असून, त्याचे स्थापनावर्ष कोठे १९१५ तर कोठे १९१६ असे आढळते. नोंदणी, निवडणूक आणि मंडळाची पहिली बैठक यांपैकी कोणता दिवस स्थापनेचा धरावा, यावर हा फरक अवलंबून असावा.

न्यू जर्सीचे आयोग काउंटीच्या तिजोरीतून चालत, स्वतः कर बसवीत नसत. त्यामुळे ‘जिल्हा’ या संज्ञेत स्वतंत्र करअधिकार अभिप्रेत असेल, तर कॅलिफोर्नियाचा दावा बळकट ठरतो. प्रस्तुत विषय मात्र शासक मंडळाची नियुक्ती हा असल्यामुळे, केवळ डासांसाठी नेमलेल्या वैधानिक मंडळाचा आरंभ १९१२ पासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढे यूटा (१९२३), फ्लॉरिडा (१९२५) व इलिनॉय (१९२७) या राज्यांत जिल्हे आले.

कॅलिफोर्निया : नियुक्तीचे सर्वांत तपशीलवार नियम या राज्यात आहेत. जुना कायदा रद्द करून २००२ मध्ये डास निर्मूलन व रोगवाहक नियंत्रण जिल्हा कायदा करण्यात आला व तो १ जानेवारी २००३ पासून लागू झाला. त्यानुसार मंडळावर किमान पाच विश्वस्त असावे लागतात. जिल्हा एकाच काउंटीत असून त्यात एकही शहर नसेल, तर काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ (काउंटीचा कारभार पाहणारे निर्वाचित मंडळ) पाचही विश्वस्त नेमते. एकाच काउंटीत शहरे व शहराबाहेरचा प्रदेश असे दोन्ही असतील, तर पर्यवेक्षक मंडळ एक आणि प्रत्येक शहराची नगर परिषद एक असे विश्वस्त नेमू शकतात, आणि अशी बेरीज पाचाच्या खाली राहिल्यास उरलेल्या जागा पर्यवेक्षक मंडळ भरते. जिल्हा अनेक काउंट्यांत पसरलेला असेल, तर प्रत्येक काउंटीला आणि प्रत्येक शहराला एकेक जागा मिळते.

पर्यवेक्षक मंडळाने नेमलेली व्यक्ती त्या काउंटीची मतदार व जिल्ह्यात मोडणाऱ्या भागातील रहिवासी असली पाहिजे, आणि नगर परिषदेने नेमलेल्या व्यक्तीला तोच नियम शहराच्या संदर्भात लागू होतो. कारभाराला उपयोगी पडेल असा अनुभव व शिक्षण विश्वस्तांपाशी असावे, असा विधिमंडळाचा हेतू कायद्यात नमूद आहे. तो हेतूच आहे, पात्रतेची अट नव्हे. त्यामुळे निवृत्त शिक्षक, शेतकरी, स्थावर मालमत्तेचे दलाल असे कोणीही विश्वस्त होऊ शकते. मुदत दोन किंवा चार वर्षांची असते आणि या दोहोंतील निवड नेमणारी संस्था करते. मुदत जानेवारीच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ वाजता सुरू होते. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या मंडळाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात, म्हणजे सर्वांची मुदत एकाच वेळी संपत नाही. मुदतीआधी रिकामी झालेली जागा मूळ नेमणारी संस्थाच भरते. स्थानिक मंडळांवरील नियुक्त्यांविषयीच्या १९७५ च्या मॅडी कायद्यानुसार अशा अनपेक्षित रिक्त जागेची सूचना २० दिवसांत प्रसिद्ध करावी लागते आणि सूचनेनंतर कामकाजाचे किमान १० दिवस लोटल्याशिवाय कायम नेमणूक करता येत नाही. विश्वस्तांना वेतन नसते. प्रत्यक्ष खर्चाऐवजी ठोक रक्कम देण्याची मुभा २००२ च्या कायद्याने ठेवली, ती महिन्याला १०० डॉलरपर्यंत.

विद्यमान नगरसेवकाला विश्वस्त करता येते काय, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ज्या दोन पदांची कर्तव्ये परस्परविरोधी ठरू शकतात ती एकाच व्यक्तीने धारण करू नयेत, असे इंग्लिश सामान्य विधीतून आलेले तत्त्व कॅलिफोर्नियात लागू आहे. त्यानुसार दुसरे विसंगत पद स्वीकारताच पहिले आपोआप रिकामे झाले असे मानले जाते. शहराच्या मालकीच्या नाल्यात डास झाले, तर जिल्हा शहराला नोटीस देऊ शकतो, आणि तेथे हितसंबंध उघडच आमनेसामने येतात. तरीही कायद्याने या तत्त्वाला अपवाद करून नगरसेवकाला विश्वस्त होण्याची स्पष्ट परवानगी दिली आहे. सोबतच असेही बजावले आहे, की विश्वस्ताने नेमणाऱ्या संस्थेचा प्रवक्ता म्हणून वागू नये. त्याने जिल्ह्यातील रहिवासी, मालमत्ताधारक आणि एकूण जनता यांच्या हितासाठी स्वतंत्र निर्णयबुद्धी वापरावी. पुढील नेमणूक ज्या नगर परिषदेच्या हाती, तिच्याच मर्जीविरुद्ध मत देण्याचे हे स्वातंत्र्य कागदावर जितके भक्कम आहे तितके व्यवहारात असेलच असे नाही.

समप्रमाणाचा प्रश्न : शहरामागे एक विश्वस्त या नियमाने लोकसंख्येचे प्रमाण राहत नाही. ऑरेंज काउंटीच्या जिल्ह्याच्या मंडळावर ३४ शहरांचे प्रत्येकी एक आणि काउंटीचा एक असे ३५ विश्वस्त असतात. सुमारे साडेतीन लाख वस्तीच्या ॲनाहाइमला एक जागा आणि सहा हजारांच्याही आत वस्ती असलेल्या व्हिला पार्कलाही एकच. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व येथे मोडते काय, याचा निर्वाळा डासांच्या नव्हे, शाळांच्या खटल्यात मिळाला. मिशिगन राज्यातील केंट काउंटीत स्थानिक शालेय मंडळे, लोकसंख्या कितीही असो, प्रत्येकी एक प्रतिनिधी पाठवीत आणि हे प्रतिनिधी काउंटीचे शिक्षण मंडळ निवडीत. सेलर्स खटल्यात (१९६७) संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत निवडणुकीपेक्षा नियुक्तीच्या जवळची मानली. प्रशासकीय स्वरूपाच्या स्थानिक पदांवर नियुक्ती करण्यास संविधानाचा अडसर नाही, असा निर्णय त्याने दिला. हॅडली खटल्यात (१९७०) त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले, की राज्याने एकदा लोकांकडून निवडणूक घेण्याचे ठरविले की मतांचे मूल्य समान ठेवावे लागते. या दोन निर्णयांमुळे नियुक्त डास मंडळांच्या रचनेला बव्हंशी संरक्षण मिळाले. मात्र न्यायालयासमोरचे शालेय मंडळ प्रशासकीय मानले गेले होते. मालमत्ताधारकांवर आकार बसविणाऱ्या मंडळाला ते वर्णन तितकेच लागू पडते काय, ही शंका अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

अन्य राज्ये : इलिनॉयमधील जिल्हे १९२७ च्या कायद्याने चालतात. शिकागोच्या परिसरातील कुक काउंटीत काउंटी मंडळाचा अध्यक्ष मंडळाच्या संमतीने विश्वस्त नेमतो. ओरेगनमध्ये हा अधिकार काउंटीच्या शासक संस्थेकडे आहे. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यावर कॅलिफोर्नियाची छाप दिसते.

फ्लॉरिडात स्वतंत्र जिल्ह्यांचे आयुक्त नेमले जात नाहीत, निवडून येतात. राज्याच्या कायद्यात सामान्यतः तीन आयुक्त व चार वर्षांची मुदत असली, तरी राज्याच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरील फ्लॉरिडा कीज जिल्ह्यात पाच आणि ली काउंटीत सात आयुक्त आहेत. मतदारांच्या अर्जावरून १ जुलै १९८० पूर्वी स्थापन झालेले जिल्हे चालू राहावेत, असे विधिमंडळाने ठरविले, त्यामुळे ही निर्वाचित मंडळे जुन्या पिढीचीच आहेत. निवडणुकीचा परिणाम कीजमध्ये स्पष्ट दिसला. जनुकीय बदल केलेले नर डास सोडण्याच्या प्रस्तावावर नोव्हेंबर २०१६ मध्ये आयुक्तांच्या निवडणुकीबरोबरच बंधनकारक नसलेले जनमत घेण्यात आले. प्रयोगासाठी निवडलेल्या की हेवन वसाहतीने प्रस्ताव नाकारला आणि ही बेटे ज्या मन्रो काउंटीत येतात त्या संपूर्ण काउंटीने तो स्वीकारला. प्रयोगाची जागा बदलली गेली, २०२० च्या ऑगस्टमध्ये मंडळाने बहुमताने मान्यता दिली आणि डास प्रत्यक्षात २०२१ च्या वसंतात सोडले गेले. नियुक्त मंडळाने हा विषय मतपेटीपर्यंत नेला असता काय, हे सांगणे कठीण आहे.

मिनेसोटात मिनिॲपोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांभोवतीच्या सात काउंट्यांसाठी १९५८ मध्ये महानगर जिल्हा स्थापन झाला. त्याच्या मंडळावर या काउंट्यांचे निर्वाचित आयुक्तच, एकूण १८, बसतात. मॅसॅच्युसेट्समध्ये याच्या उलट टोक गाठले आहे. तेथे कृषी, पर्यावरण संरक्षण व निसर्गसंवर्धन या तीन राज्य विभागांच्या प्रतिनिधींचे मंडळ प्रादेशिक प्रकल्पांचे आयुक्त नेमते आणि शहरांच्या हाती प्रकल्पात सामील होण्या-न होण्याचा निर्णय तेवढा राहतो. डेलावेअरमध्ये डास नियंत्रण राज्य सरकारच करते, त्यामुळे मंडळाचा प्रश्नच उद्भवत नाही.

भारतात या स्वरूपाचे, कर बसविण्याचा अधिकार असलेले जिल्हे नाहीत. मुंबईत सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये केलेल्या हिवतापाच्या पाहणीने विहिरी व पाण्याच्या टाक्यांकडे लक्ष वेधले. त्यानंतरची विहिरी झाकण्याची व टाक्या तपासण्याची जबाबदारी महानगरपालिकेने आपल्याच आरोग्य यंत्रणेकडे ठेवली, आणि आजही तेथील कीटकनाशक विभाग निर्वाचित पालिकेच्या प्रशासनाचा भाग म्हणून, स्वतंत्र विश्वस्त मंडळाविना चालतो.