झेरॉक्सच्या पावडरीत काळ्या रंगापेक्षा महत्त्वाचं काय?

पावसाळा लागला की पुण्यातल्या पेठांमधल्या झेरॉक्सच्या दुकानांत एक ठरलेली तक्रार ऐकू येते. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स घ्यायला आलेली मुलं म्हणतात, पानावर राखाडी झाक आलीय. दुकानदार म्हणतो, पावडर डुप्लिकेट निघाली. कधी कधी त्याचं खरंही असतं. पण अक्षरं काळीकुट्ट उमटलेली असतील, तर पावडरीच्या काळेपणात खोट नाही. बहुतेकदा बिघडलेला असतो तो तिच्यावरचा विद्युतप्रभार. तो ताब्यात ठेवायला या पावडरीत, म्हणजे टोनरमध्ये, जेमतेम एक ते तीन टक्के एक वेगळा पदार्थ घालतात, प्रभार-नियंत्रक. या लेखाचा नायक तोच.

टोनर म्हणजे वाळवलेली शाई, ही समजूत आधी सोडायला हवी. टोनर हे मुख्यतः प्लास्टिक आहे. नेहमीच्या बिगर-चुंबकीय टोनरमध्ये स्टायरीन-ॲक्रिलेट किंवा पॉलिएस्टर हेच वजनाचा सर्वांत मोठा भाग असतं. त्यात ५ ते १० टक्के काजळी, थोडं मेण आणि कण सुटे राहावेत म्हणून वरून लावलेली सिलिकाची अतिसूक्ष्म पूड. एकेक कण ५ ते १० मायक्रॉनचा. कागदावर हे प्लास्टिक गरम रोलरखाली वितळून बसतं, म्हणून ताजी प्रत हाताला ऊबदार लागते.

हा कण नेमक्या जागी जातो कसा? शाळेतलं उत्तर तयार असतं: विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात. बहुतेक लेझर प्रिंटरांत मात्र ड्रम, म्हणजे ज्या दंडगोलावर आधी चित्र उमटतं तो, हाही ऋण असतो आणि टोनरही ऋणच! ड्रमवर आधी साधारण उणे ६०० व्होल्ट चढवतात. लेझरचा किरण जिथे पडतो तिथे ते उणे १०० च्या आसपास उतरतं. टोनर ज्या रोलरवर बसलेला असतो तो या दोन्हींच्या मधे, समजा उणे ४०० वर. ऋण कणाला उणे ६०० ची जागा ढकलते आणि उणे १०० ची जागा त्याला बोलावते. चुकून धनप्रभारित पावडर भरली तर हा हिशोब उलटतो आणि कोरी राहायची जागाच काळवंडू लागते. काही कंपन्यांची यंत्रं मुळात धन टोनरवर चालतात, म्हणून ‘कुठल्याही प्रिंटरला चालेल’ अशी पावडर कोणी देऊ लागला तर आधी मॉडेलचा नंबर सांगावा.

आता थोडी आकडेमोड, कारण मला सगळ्यात गंमत इथेच वाटते. चांगल्या टोनरवर ग्रॅममागे १० ते ३० मायक्रोकूलॉम प्रभार असतो. २० धरा. ८ मायक्रॉनच्या एका कणाच्या वाट्याला येतात सुमारे ३७ हजार जादा इलेक्ट्रॉन. त्याच कणाच्या पृष्ठभागावर अणू असतात अब्जावधी, म्हणजे साधारण ५० हजार अणूंमागे एक इलेक्ट्रॉन. एवढ्याशा प्रभारावर छपाईच्या वेळच्या विद्युतक्षेत्रात जे बल लागतं, ते कणाच्या वजनाच्या हजारो पट असू शकतं. अशा ठिकाणी किरकोळ मळ किंवा ओल बसली तरी प्रभार वरखाली होणार. नुसतं प्लास्टिक घासलं तर प्रभार येतो, पण कधी कमी, कधी जास्त, आणि काही कणांवर चक्क उलट चिन्हाचा.

इथे प्रभार-नियंत्रक कामाला येतो. यातले अनेक पदार्थ क्षारांसारखे असतात, म्हणजे त्यांत एक धन आयन आणि एक ऋण आयन. गोम अशी की दोघांपैकी एक अवाढव्य सेंद्रिय रेणू असतो आणि प्लास्टिकमध्ये रुतून बसतो. दुसरा लहान आणि सुटा. कार्ट्रिजमध्ये टोनर पात्याखालून रोलरवर घासला जातो. मोठ्या कॉपिअरांत तो फेराइटच्या मण्यांवर घासतो. या घासण्यात लहान आयन समोरच्या पृष्ठभागावर उडी मारतो आणि परत येत नाही. मागे उरलेला मोठा आयन कणाचं चिन्ह ठरवतो. क्रोमियम किंवा लोह असलेल्या ॲझो रंगद्रव्यांत मोठा भाग ऋण असतो, तेव्हा टोनर ऋण. चतुर्थक अमोनियम क्षारांत मोठा भाग धन, तेव्हा टोनर धन. घासल्यानंतर समोरच्या पृष्ठभागावर हे लहान आयन प्रत्यक्ष सापडले आहेत, आणि जिथे प्रभार जास्त तिथे आयनही जास्त.

म्हणजे कोडं सुटलं का? पूर्ण नाही. ज्यात आयन मुद्दाम घातलेले नाहीत असं प्लास्टिकही घासल्यावर प्रभारित होतंच. तिथे इलेक्ट्रॉन जातात, पाण्याच्या पातळ थरातले आयन जातात, की प्लास्टिकचेच सूक्ष्म तुकडे तुटून पलीकडे चिकटतात, यावर आजही वाद आहे. डोक्याला घासलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे का उडतात, या शाळकरी प्रश्नाचा तळ अजून लागलेला नाही. दरम्यान घरातली ‘निगेटिव्ह एनर्जी’ काढून देणारे मात्र भरपूर आहेत. त्यांनी ती एकदा मायक्रोकूलॉममध्ये मोजून दाखवावी, मग बोलू.

पावसाकडे परत येऊ. दमट हवेत कणावर पाण्याचा थर बसतो आणि प्रभार त्यातून झिरपून जातो. कमी प्रभाराचा कण क्षेत्राला जुमानत नाही, कुठेही बसतो. तीच ती राखाडी झाक. म्हणून सिलिकाच्या पुडीला पाणी न धरणारा लेप देतात. पण प्रभार जास्त झाला तरी पंचाईतच. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत काही यंत्रांची छपाई फिकट येते, ती यामुळेच. ड्रमवरच्या ठिपक्याला ठरावीक प्रभार भरून हवा असतो. प्रत्येक कण दुप्पट प्रभार घेऊन आला तर निम्म्या कणांतच त्याची गरज भागते, आणि कण निम्मे म्हणजे काळेपणाही निम्मा.

झेरॉक्सचं तंत्र शोधून काढणाऱ्या चेस्टर कार्लसनला ही डोकेदुखी नव्हती. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याने गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली आणि तिच्यावर लायकोपोडियम वनस्पतीचे बीजाणू भुरभुरवले. जगातली पहिली झेरॉक्स प्रत ती. एका प्रतीपुरतं तेवढं पुरेसं होतं.

खरी कसोटी रंगीत टोनर आल्यावर लागली. धन टोनरसाठी वर्षानुवर्षं निग्रोसिन वापरत. बुटाच्या काळ्या पॉलिशमधलं रंगद्रव्य तेच. काळ्या टोनरमध्ये ते खपून जातं, पिवळ्यात कसं चालेल? ॲझो संयुगांचीही तीच अडचण, शिवाय क्रोमियमबद्दलची काळजी वेगळी. मग रसायनतज्ज्ञ रंगहीन रेणूंकडे वळले. पायाचं कुरूप घालवायच्या पट्टीत जे सॅलिसिलिक आम्ल असतं, त्याच्याच अंगावर हायड्रोकार्बनचे जाड गट चढवून जस्ताशी किंवा ॲल्युमिनियमशी जोडलेली संयुगं आज ऋण रंगीत टोनरांत वापरतात. पिवळा, किरमिजी, निळसर, काळा, चारही पावडरींचा प्रभार एकमेकांच्या जवळपास राहायला हवा. एक जरी सुटली तरी फोटोतल्या माणसाचे गाल हिरवे दिसू लागतात.